ट्रॅक्टरचा आवाज आला की पळत येणारं पोर: बेळगावकडच्या एका घरातलं प्रकरण

हे प्रकरण बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका गावातलं आहे, साडेचार वर्षांचं पोर घरच्याच ट्रॅक्टरच्या चाकाखाली आलं त्याचं. घरच्यांना विचारून लिहितोय, नाव गाव घालू नका पण बाकीचं सगळं लिहा असं त्या पोराच्या आईनंच सांगितलं. माझं काम अवजारांच्या वेल्डिंगचं आणि रिपेरीचं, नांगर, रोटाव्हेटर (ट्रॅक्टरमागचं फिरत्या पात्यांचं अवजार), ट्रॉलीचे हुक, शेडचे खांब सगळं करतो, आणि या घरानं मला बोलावलं ते मागच्या दाराला गेट करून पाहिजे म्हणून. गेटचं माप घ्यायला गेलं की पहिला प्रश्न हाच असतो, नेमकं कुणाला अडवायचंय, कुठून आणि कधी, आणि तो प्रश्न विचारत बसलो तेव्हा सगळं एकेक करत बाहेर आलं.

घर एकत्र आहे. आज्जा-आज्जी, थोरला भाऊ, त्याची बायको, त्यांची दोन पोरं, एक तेरा वर्षांचा आणि एक साडेचार वर्षांचा, आणि धाकटा भाऊ आणि त्याची बायको. पाचेक एकर रान, पावसाळ्यात भात आणि माळाच्या बाजूला रताळी-बटाटा, नदीकडच्या तुकड्यात ऊस, आणि भात कापून झाला की त्याच रानात मसूर, वाटाणा. ट्रॅक्टर ४५ एचपीचा, कर्ज काढून घेतलेला, त्यामुळं स्वतःचं रान झालं की लोकांच्यात भाड्यानं पण जातो. चालवतो धाकटा भाऊ, म्हणजे पोराचा काका.

घराच्या मागं परडं आहे. परड्यात एका बाजूला गोठा, मध्ये पिंजराची, म्हणजे भाताच्या काडाची गंजी, आणि शेवटाला पत्र्याची शेड, त्यात ट्रॅक्टर. गाडीवाट बाजूनं आत येते. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की समोर वीस-पंचवीस फुटांवर शेडचं तोंड. दाराला उंबरा सोडला तर मध्ये काहीच नाही. आपल्याकडच्या बहुतेक घरांचं असंच आहे हो, दार आणि शेड एकमेकांच्या तोंडाला तोंड, कारण एकेकाळी तिथं बैल बांधायचे आणि बैल दारातनं दिसले पाहिजेत असं होतं.

त्या संध्याकाळी

भात कापून झाला की मसुराला घाई असते हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे, रानातली ओल गेली की संपलं, म्हणून दोन-तीन आठवडे रोटाव्हेटरला उसंत नसते. काका सकाळपासून रानात, दुपारनंतर लोकांच्यात भाड्यानं, आणि परत आला तेव्हा दिवस मावळत आलेला. नोव्हेंबरात सहा-सव्वासहाला अंधारून येतं. ही वेळ घरातली सगळ्यात गडबडीची. पोराची आई धारा काढायला गोठ्यात, बाप दुधाचं कॅन घेऊन डेअरीला गेलेला, काकू चुलीपुढं भाकरीला बसलेली, आणि पोर आज्जीजवळ सोप्यात. आज्जीचे गुडघे गेलेत, बसलेल्या जागेवरनं उठायला तिला भिंत धरावी लागते.

ट्रॅक्टरवर गाण्यांचा डेक आहे, आणि तो जोरात चालू होता. पोरानं आवाज ओळखला, "काका येऊलालाय" म्हणत उठलं आणि स्वयंपाकघरातनं मागच्या दारानं पळालं. आज्जी हाक मारेपर्यंत उंबरा ओलांडून गेलं पण.

काका शेडमध्ये ट्रॅक्टर मागं घालत होता. रोटाव्हेटर सहा फुटी, शेडचं तोंड आठ फुटांच्या जरा वर, म्हणजे दोन्ही बाजूला फूटभर जागा. उजव्या बाजूच्या खांबाला आधी एकदा रोटाव्हेटर घासलेला आहे, त्याची खूण मी बघितली, त्यामुळं मागं घेताना त्याची मान उजवीकडंच वळलेली असते. पोर आलं डावीकडनं. काकूनं दारातनं किंकाळी फोडली ती डेकमध्ये ऐकू गेली नाही, थोरला पोरगा हात हलवत समोर पळाला तेव्हा काकाचं लक्ष गेलं आणि त्यानं क्लच-ब्रेक दाबला, पण तोवर मागचं डावं चाक पोराच्या पायावर चढलेलं.

नंतरच्या मिनिटाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण असल्या वेळी निम्मं नुकसान तिथंच होतं. चार माणसं जमली आणि चौघांचं वेगळं, एक म्हणतो पुढं घे, एक म्हणतो मागं घे, एक पोराला ओढतोय. शेजारचा एक मामा जुना ड्रायव्हर, त्यानं पहिल्यांदा डेक बंद करायला लावला, मग ओढणाऱ्याला लांब केलं, पोराचं अंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि चाक ज्या वाटेनं चढलं त्याच वाटेनं उलट हळू उतरवायला लावलं, बाकीच्यांना तोंड बंद. जमीन पिंजरानं आणि शेणानं मऊ झालेली होती म्हणून पाऊल थोडं खाली दबलं, नाहीतर पाय राहिला नसता असं डॉक्टर म्हणाले. कुणीतरी हळदीचा डबा आणला तो काकूनं लावू दिला नाही, तिनं धुतलेला टॉवेल जखमेवर दाबून धरला आणि गाडीत बसेपर्यंत हात काढला नाही. बरोबर केलं तिनं. हळद, चहापूड, रॉकेल असलं काहीही उघड्या जखमेत घालायचं नाही, स्वच्छ कापड दाबून धरायचं एवढंच.

पोराचं गुडघ्याखालचं हाड मोडलं आणि पावलाच्या वरची कातडी सोलून गेली, मांडीची कातडी काढून तिथं लावावी लागली. दवाखान्यात पोटाची पण सोनोग्राफी केली. घरच्यांना वाटलं पायाला लागलंय आणि पोट कशाला बघतायत, पण चाक किंवा अवजार अंगावर आलेलं पोर वरनं चांगलं दिसलं, बोललं, पाणी मागितलं, तरी आत रक्त जात असू शकतं, म्हणून लागलं नाही असं वाटलं तरी दवाखाना चुकवायचा नाही. १०८ ला फोन करायचा, येईपर्यंत पोराला उचलून नाचवायचं नाही. आज ते पोर चालतंय, जरा पाय टाकताना जाणवतं, पण चालतंय.

पोर डाव्या बाजूनंच का आलं

मी त्या जागेवर उभा राहून बघितलं तेव्हा हे मला कळेना. दारातनं शेडकडं सरळ पळालं असतं तर ते ट्रॅक्टरच्या उजव्या अंगाला गेलं असतं, म्हणजे काका बघत होता त्या बाजूला, आणि कदाचित दिसलं असतं. ते वळसा घालून डावीकडं गेलं. म्हणून काकूला विचारलं, काकू सांगता सांगता रडायला लागली.

रोज संध्याकाळी काका आला की पोराला ट्रॅक्टरवर घेऊन परड्यात एक चक्कर मारायचा. पोर वर्षाचं असल्यापासनं. आधी मांडीवर, मग मडगार्डवर. आणि ट्रॅक्टरवर चढायची बाजू डावी असते, पायरी डावीकडं, काका वाकून डाव्या हातानं त्याला वर घ्यायचा. म्हणजे पोर कुठंतरी वाट चुकून चाकाखाली गेलं नाही, ते त्याच्या रोजच्या जागेवर, रोजच्या पायरीजवळ, रोजच्यासारखं हात वर करून उभं राहायला चाललेलं. घरानंच त्याला तीन वर्षं शिकवलेलं की हा आवाज आला की पळत यायचं आणि इथं यायचं. ते शहाणं पोर, शिकवलेलं बरोबर केलं त्यानं.

मला या प्रकरणातनं सांगायचं आहे ते हेच. "पोर खोडकर आहे, ऐकत नाही" असं सगळीकडं ऐकायला मिळतं आणि "त्याला सांगितलंय की लांब राहा" हे पण. चार-साडेचार वर्षांच्या पोराला सांगून संरक्षण होत नाही, त्याच्या डोक्यात सांगितलेलं आणि रोज केलेलं यांची मारामारी झाली की रोज केलेलंच जिंकतं. लाडानं मारलेली चक्कर हीच त्याची शिकवणी होती. काकाचा जीव होता पोरावर, आहे, आणि म्हणूनच हे लिहायला जड जातं, पण गावागावात हेच चाललंय, पोर रडलं की ट्रॅक्टरवर बसव, जेवत नाही तर ट्रॅक्टर दाखव, वाढदिवसाला फोटो ट्रॅक्टरच्या सीटवर.

आणि दिसण्याचं पण बघा. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरचं मागचं चाक सव्वाचार फुटांच्या आसपास उंच असतं, साडेचार वर्षांचं पोर साडेतीन फुटांचं. चाकाच्या मागं उभं राहिलं की ते पूर्ण झाकलं जातं, डोक्याचा केस पण दिसत नाही. वर मडगार्ड, मागं उचललेला रोटाव्हेटर. ड्रायव्हर कितीही चांगला असू दे, त्याला ते दिसणार नाही म्हणजे नाही. आणि वेग? मागं घेताना ट्रॅक्टर माणसाच्या चालीनं जातो, तासाला तीन-चार किलोमीटर, सगळ्यांना वाटतं हळू आहे, पण तीन-चार किलोमीटर म्हणजे एका सेकंदाला एक मीटर. पोर चाकापासून दोन हातांवर असलं तर सेकंद पण मिळत नाही. ट्रॅक्टरचं वजन दोन टनांच्या आसपास, वर रोटाव्हेटरचे चारशे-साडेचारशे किलो.

आज्जा म्हणाले, "मिस्त्री, आमच्या वेळेला पोरं बैलाच्या पायात वाढली, काय झालं नाही की." त्यांचं म्हणणं मी टाकून देणार नाही कारण ते खरं आहे, बैलांच्या पायात पोरं वाढली. पण बैलाला डोळे असतात हो आज्जा, पायात पोर आलं तर बैल पाय उचलून धरतो, थांबतो, अंग चोरतो. ट्रॅक्टरला ते नाही. आज्जा गप्प बसले, मग म्हणाले की आमच्या ढवळ्यानं एकदा असंच केलेलं, आणि त्यानंतर गेटच्या कामात सगळ्यात जास्त लक्ष त्यांनीच घातलं.

इंजिन बंद का केलं नाही

काकाला मी विचारलं की रस्त्यावर थांबून, इंजिन बंद करून, पोर कुठं आहे विचारून मग आत का घेत नाहीस. त्यानं खरं सांगितलं. बॅटरी उतरलेली, सेल्फ घेत नव्हता, एकदा बंद केला की उतारावर ढकलून चालू करायला लागायचा, म्हणून सकाळी चालू केला की रात्री शेडमध्येच बंद. आणि शेडमध्ये पण तोंड उताराकडं करून, म्हणूनच रोज मागं घालायचा. नवीन बॅटरी सहा-सात हजारांची, मसुराचं भाडं आलं की घेऊ म्हणत राहिलेली.

म्हणजे बघा, पोराच्या पायाचं कारण शोधत गेलं की शेवटी बॅटरीपाशी येतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. सुरक्षिततेचं बोलायला गेलं की लोक म्हणतात लक्ष ठेवा, काळजी घ्या, पण ज्या ड्रायव्हरला इंजिन बंद करणं परवडत नाही तो काळजी कशी घेणार? उतारावर लावायची सवय तर अजून वाईट, गिअरमध्ये लावून ठेवलेला ट्रॅक्टर पोरानं वर चढून नुसता क्लचवर पाय दिला किंवा गिअर न्यूट्रलला ओढला की चालायला लागतो, इंजिन बंद असताना. चाकाला दगड किंवा लाकडाचं ओंडकं पाहिजेच, आणि उतारच नको.

काय बदललं, काय जमलं नाही

बॅटरी पहिली. ती आली आणि ट्रॅक्टर शेडमध्ये तोंडानं आत जायला लागला, मागं घ्यायचं ते सकाळी बाहेर काढताना, आणि त्यावेळी पोर अंथरुणात असतं किंवा आईच्या कडेवर. हा एक बदल माझ्या मते गेटपेक्षा मोठा.

मग गेट. साडेतीन फूट उंच, सगळ्या सळ्या उभ्या. आडवी सळी एक पण नाही, आडवी सळी म्हणजे पोराला शिडी. दोन सळ्यांतली जागा चार इंचांच्या आत, डोकं अडकू नये म्हणून. कडी बाहेरच्या अंगाला, वरच्या बाजूला. पहिलं गेट बसवलं आणि आठवड्याभरात ते उघडंच राहायला लागलं, कारण काकू दोन्ही हातात शेणाची बुट्टी घेऊन जाते, आईच्या हातात दुधाची घागर, कडी लावायला हात कुठला? दोघींनी सांगितलं तेव्हा स्प्रिंगचं बिजागर घातलं, ढकललं की उघडतं, सोडलं की आपोआप मिटतं, आणि कडी बदलून आपटली की बसणारी पट्टी लावली, परत येताना कोपरानं उचलता येते. आता मिटलेलं असतं. गेट कुणीही करतं, पण दिवसातनं वीस वेळा तिथनं जाणाऱ्या बायकांना विचारून केलं नाही तर ते दगड लावून उघडं ठेवलं जातं, हे मी लिहून देतो.

पोराच्या बापानं रिव्हर्स हॉर्न लावायला सांगितलेला, तो गाण्याच्या सुरात वाजणारा असतो ना, तो. मी नको म्हटलं. मोठ्या माणसाला तो सावध करतो हे खरं, पण या पोराला आवाज म्हणजे बोलावणं, गाणं वाजलं की अजून पळत येणार. डेक पण काढायला लावला नाही, फक्त गावाच्या आत शिरताना बंद. ते काका पाळतो.

रोजची चक्कर बंद केली. याला सगळ्यात जास्त त्रास झाला, पोर दवाखान्यातनं आल्यावर पण खिडकीत बसून "काका, चक्कर" म्हणायचं, आणि काकाला बघवायचं नाही. आता काका रस्त्यावर विजेच्या खांबापाशी थांबतो, इंजिन बंद करतो, फोन लावतो. घरातनं कुणीतरी "पोर हातात आहे" असं म्हणायचं. "घरात आहे" चालत नाही, "हातात आहे" पाहिजे, ही अट आईची, आणि मला ती फार आवडली, कारण त्या दिवशी पण पोर घरातच होतं. मग ट्रॅक्टर आत, बंद, चावी काढली, आणि काका चालत येऊन पोराला खांद्यावर घेऊन गंजीभोवती चक्कर मारतो. पोरानं पहिले काही दिवस रडून मग मान्य केलं.

चावी आधी दाराजवळच्या खिळ्याला असायची, आता काकाच्या खिशात. जुन्या ट्रॅक्टरांना तर एकाची चावी दुसऱ्याला चालते, तेव्हा त्यांच्यावर अजून लक्ष पाहिजे. रोटाव्हेटर रात्री खाली टेकवूनच ठेवायचा हे पण आता पाळतात. हायड्रॉलिकवर उचललेलं अवजार इंजिन बंद असलं तरी लिव्हरला हात लागला की धाडकन खाली येतं, त्याला इंजिन लागत नाही, आणि पोरांना लिव्हर ओढायला फार आवडतं.

पीटीओच्या शाफ्टला, म्हणजे इंजिनच्या जोरावर मागचं अवजार फिरवणाऱ्या दांड्याला, कव्हर नव्हतं, ते बसवलं. बहुतेकांच्या ट्रॅक्टरला नसतं, ग्रीस मारायला अडचण होते म्हणून काढून कोपऱ्यात टाकलेलं असतं. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणी, फ्रॉकची नाडी, स्वेटरचा धागा एकदा गुंडाळला गेला की हात मागं घ्यायच्या आत नऊ वेढे पडलेले असतात. भाताच्या मळणीच्या वेळी पोरं मशीनभोवतीच असतात, त्यामुळं मी कव्हरशिवाय मळणीला लावू नका म्हणून भांडतो. मळणी मशीनसाठी तर १९८३ चा धोकादायक यंत्रांचा कायदाच आहे. आणि बालमजुरीच्या कायद्यात धोकादायक कामांची यादी आहे, तिच्यात शेतीतली ट्रॅक्टर, मळणी, कापणीच्या मशीनवरची कामं आणि कडबा कुट्टी आहे. कडबा कुट्टी घराघरात आहे आणि ती चालू असताना पोराला वैरण पुढं सारायला बसवतात, हे बघून मला राग येतो.

आता जे जमलं नाही ते. थोरला पोरगा, तेरा वर्षांचा. त्या दिवशी त्याच्यामुळं ट्रॅक्टर थांबला, आणि तोच पोरगा रानात ट्रॅक्टर चालवतो. बापाला त्याचं कौतुक आहे, "सरळ तास मारतो" म्हणून सांगतो. मी बापाला सीटवर बसवून दाखवलं, पोरग्याला पण बसवलं, ट्रॅक्टर बंद ठेवून. त्याला क्लच पूर्ण दाबायला सीटवरनं पुढं सरकायला लागतं, आणि सरकला की स्टिअरिंगला लोंबकळतो. वर ट्रॅक्टरला ब्रेक दोन, डाव्या चाकाचा वेगळा, उजव्याचा वेगळा, रानात वळायला सोपं जावं म्हणून. रस्त्यावर दोन्हीची पट्टी जोडायची असते. ती जोडली नसेल आणि घाबरून एकच दाबला तर ट्रॅक्टर जागेवर गर्रकन फिरतो, उताराला असला तर उलटतो. बाप बघत राहिला पण अजून कबूल झालेला नाही, रानात चालवू दे, रस्त्यावर देत नाही म्हणतो. रस्त्याचा कायदा त्याला सांगितला, २०१९ च्या दुरुस्तीपासनं अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पंचवीस हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि पोराला वयाची पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन नाही. आणि ट्रॅक्टरवर जागा एकच, ड्रायव्हरची, मडगार्डवर बसवलेल्या माणसाचा विमा मिळायला कोर्टात अडकतं. कायद्यानं तो जरा हलला, पण रानात कोण बघतंय हे त्याचं उत्तर तयार आहे, आणि रान तर जास्त धोक्याचं, बांध, चर, ओली जमीन.

उसाचं वेगळंच आहे, आणि तिकडं घरातलं गेट काही कामाचं नाही. हंगाम चालू झाला की या भागातले सगळे रस्ते डबल ट्रॉल्यांनी भरतात, आणि गावातली पोरं चढावर ट्रॉली हळू झाली की मागं पळून ऊस ओढतात. सगळ्यांनी लहानपणी केलंय म्हणून कुणी हटकत नाही. पण कांडं ओढताना मोळी सैल झाली की वरचा भार पोरावर येतो, आणि पुढच्या-मागच्या ट्रॉलीच्या मधनं जाणारं पोर ड्रायव्हरला आरशात दिसतच नाही, दोन ट्रॉल्यांच्या मागं काय चाललंय ते त्याला कधीच कळत नाही. या घरातल्या थोरल्याची शाळा रस्त्यापलीकडं आहे, ट्रॉल्या शाळा सुटायच्या वेळेलाच कारखान्याकडं निघतात. काकानं घरच्या पोरांना ऊस घरी आणून द्यायचं ठरवलं, दोन मोळ्या बाजूला काढून ठेवतो, गल्लीतली पोरं पण येतात तिथं खायला. ही युक्ती त्याचीच.

आणि तोडकऱ्यांची पोरं. बाहेरनं आलेल्या टोळीतल्या बायका फडात तान्ह्या पोराला ट्रॉलीच्या सावलीत झोपवतात, दुसरी सावलीच नसते. या घरच्या उसात मागच्या तोडीला काकानं एक काम केलं, फडाच्या कडेला ताडपत्रीची सावली बांधून दिली, ट्रॅक्टर जातो त्या वाटेपासनं लांब, आणि ट्रॉली हलवायच्या आधी खाली उतरून दोन्ही ट्रॉल्यांभोवती चालत फेरी मारायची, चाकाच्या आत वाकून बघायचं, ही सवय लावून घेतली. टोळीतल्या एका आज्जीला पोरांजवळ बसवून तिचा रोज यांनी भरला. दुसऱ्या फडात कुणी असं करत नाही, ड्रायव्हर सीटवरनंच हॉर्न मारतो आणि निघतो. झोपलेल्या पोराला हॉर्नचं काय.

आता राहिलंय ते परड्याचं शेजाऱ्याकडचं अंग. तिकडं कुंपण नाही, शेजारची दोन लहान पोरं तिथनं सरळ शेडमध्ये येतात, आणि शेजारच्यांचा ट्रॅक्टर तर अजून उतारावरच उभा असतो. दोन्ही घरांचं बोलणं झालंय, अर्धा-अर्धा खर्च, उन्हाळ्यात काम, मी माप घेऊन ठेवलंय, अकरा फूट लांबी आणि मध्ये एक छोटं गेट, कारण आज्जी तिथनं शेजारी ताक न्यायला जाते आणि वाट बंद केली तर ती ऐकणार नाही. बाकीचं पाऊस येण्याआधी झालं पाहिजे, भाताची पेरणी चालू झाली की परत कुणाला वेळ नसतो.